चारशे एकोणीस नंबरची मालकी

॥ श्री ॥

नारायण पेठ, पुणे
१८ जानेवारी १९८७

ती. वासंतीआत्या यांस,
पद्मजाचा सा. न. वि. वि.

हलव्याचा डबा पोचला. प्रवासात निम्म्या हलव्याचा काटा गेला, चव मात्र शाबूत आहे. आईने तो कुणाला न वाटता कपाटात ठेवला आहे. यावरून तिची तब्येत बरी आहे असे समजावे.

हडपसरच्या कारखान्यात मला कायम केले. मी गेजरूममध्ये असते. तयार झालेला भाग नकाशातल्या मापाला उतरतो की नाही हे तिथे तपासतात. तिथे मुलगी मी एकटीच. पहिला महिनाभर लोक मला बघायला येत, आता माल पास करून घ्यायला येतात आणि बहुधा नाराज होऊन जातात.

पत्राचे कारण वेगळे आहे. बाबांची मोटारसायकल माझ्या नावावर करायची आहे. गाडी पद्मजाची, असे त्यांनी जाण्याआधी हॉस्पिटलात आईला दोनदा सांगितले होते, त्यामुळे त्यात वाद नाही. अडचण अशी की गाडीचे आर.सी. बुक घरात नाही. बाबांची विजेची बिले १९५८ पासून ओळीने लावलेली आहेत, पण हे एक पुस्तक सापडत नाही. आईचे म्हणणे, लग्न होऊन ती आली तेव्हा गाडी होतीच, पुढचे तुम्हाला ठाऊक असेल. गाडी कधी घेतली आणि कुणाकडून, हे कळले तर आर.टी.ओ.त जुनी नोंद काढणे सोपे जाईल. नंबर जुन्या मुंबई राज्याच्या वेळचा आहे, शेवटचे आकडे ४१९. काळ्या रंगाखाली लष्कराचा हिरवा रंग आहे, म्हणजे लष्कराने डिस्पोजलमध्ये विकून टाकलेली असावी.

आणखी एक. मागच्या मडगार्डावर सीट बसवायची चार भोके आहेत. बाबांनी त्यांत पितळी स्क्रू घालून डोकी कानशीने अगदी सपाट केली आहेत. मी त्यांच्याबरोबर या गाडीचे इंजिन दोनदा उतरवले आणि चढवले, पण मागे बसून एकदाही गेले नाही. ही गाडी एकाच माणसाची असते असे मला लहानपणी सांगितले होते. तशी ती नाही. सीट का काढली, आठवत असल्यास लिहावे.

काकांना नमस्कार, कुसुमला आठवण. लोभ आहेच, तो तसाच राहू द्यावा.

आपली,
पद्मजा

---

॥ श्री गजानन प्रसन्न ॥

बडोदे
२९ जानेवारी १९८७

चि. पद्मजास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र आले. बाई गं, तुझे पत्र वाचताना मला ताठ बसावे लागते. एक वाक्य वाकडे नाही, एक शब्द जास्त नाही. नोकरीत कायम झालीस हे वाचून ह्यांनी पेढे आणले आणि त्यातले चार स्वतःच खाल्ले. दादा असता तर त्याने तोंडाने काही म्हटले नसते, पण पेठेत दोन फेऱ्या जास्त मारल्या असत्या. लोकांचा माल नापास करतेस ते ठीक, पण उद्या स्थळे आली की त्यांना गेज लावू नकोस. एवढ्यातेवढ्या फरकाने पुरुष टाकून द्यायचे ठरवले तर जगात एकही उरायचा नाही, हे मी तेवीस वर्षांच्या अनुभवाने सांगते.

आमच्याकडे तीच गडबड आहे. सुरतेच्या एका घरातून कुसुमला बघून गेले. मंडळी जुन्या वळणाची, चौकशा फार करतात. मुलीच्या आजोळच्या आजोळापर्यंत पोचलेत. पसंती आहे असे दिसते. तुम्ही दोघींनी देवाजवळ मागावे.

गाडीचे विचारलेस. अगं, ते सगळे कागद पानशेतच्या पुरात गेले. खालच्या खोलीत पुरुषभर पाणी होते. तुझ्या आजोबांची, आप्पांची पोथी गेली, आईची भांडी गेली, तिथे मोटारसायकलचे कागद कुठले टिकायला. दादाने कुणा मिलिटरीतल्या माणसाकडून गाडी घेतली एवढे आठवते, नाव काही लक्षात नाही. मागची सीट काढली, कारण त्याला मागे ओझे नको असे. त्यात एवढे काय आहे?

माझे ऐकशील तर ती गाडी देऊन टाक. मुलीच्या जातीला ते धूड कशाला? वहिनीला बोळात येता-जाता अडते, असे तीच मागे म्हणाली होती. भंगारवाल्याला दे आणि एक चांगली स्कूटर घे, ह्यांनी त्यात भर घालायची तयारी दाखवली आहे.

वहिनीला म्हणावे, हलवा वाटला नाही तर मुंग्या वाटतील. सर्वांना यथायोग्य. तुझ्या चार ओळींची वाट बघणारी,

तुझी वासंतीआत्या

---

॥ श्री ॥

पुणे
१ मार्च १९८७

ती. आत्या यांस,
सा. न. वि. वि.

कुसुमचे जमत आले हे वाचून आईला आनंद झाला. हलवा वाटला.

संगम पुलाजवळच्या आर.टी.ओ.त अर्ज देऊन नोंदवहीचा उतारा मिळवला. गाडी पहिल्यांदा १९५५ मध्ये हिंदुराव गेनबा चौधरी, राहणार खडकी, यांच्या नावावर झाली. व्यवसाय, दारूगोळा कारखान्यात ड्रायव्हर. दुसरे मालक बाबा. विक्रीची तारीख २६ मार्च १९६३. तो गुढीपाडवा होता, हे मी जुन्या पंचांगात पाहिले. बाबा त्याच कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसात होते, तेव्हा ओळख तिथली असणार.

पानशेतचा पूर १९६१ च्या जुलैत आला. १९६३ चे कागद त्यात कसे वाहून गेले, ते मला जमवता आले नाही. आपल्याकडे जे सापडत नाही ते पुरात गेलेले असते, हे मी लहानपणापासून ऐकते, त्यामुळे तुम्हाला दोष देत नाही. पण दुसरी गोष्ट तशी सोडून देता येत नाही. आईच्या अल्बममध्ये एक फोटो आहे. बोळाच्या तोंडाशी गाडी उभी आहे, बाबा पुढे आणि तुम्ही मागे बसला आहात. दोन वेण्या, जरीकाठी साडी, मांडीवर ओवाळणीचे तबक. मागची सीट जागेवर आहे. फोटोच्या पाठीवर बाबांच्या अक्षरात ‘भाऊबीज, १९६२’ असे आहे. म्हणजे विक्रीच्या तारखेच्या चार-पाच महिने आधी गाडी आपल्या दारात होती.

दोन मापे जुळत नसतील तर तिसरे घ्यावे, अशी आमच्याकडे रीत आहे. खडकीच्या वसाहतीत चौकशी केली. चौधरी नोकरी सुटल्यावर वारज्याला आपल्या गावी गेले आणि अजून हयात आहेत, असे कळले. त्यांना आज पत्र टाकले. गाडी नक्की कधी विकली, एवढेच विचारले आहे. जुन्या गाड्या जपणाऱ्यांचे एक मंडळ आहे, तिथे गाडी नोंदवायला पूर्ण इतिहास लागतो, आणि तारीख चुकीची असेल तर मला ती तशी लिहायची नाही.

काकांना नमस्कार. आपल्या पत्राची वाट पाहते.

पद्मजा

---

बडोदे
९ मार्च १९८७

चि. पद्मजास आशीर्वाद.

घाईत लिहीत आहे. त्या माणसाला पत्र टाकण्याआधी मला विचारायचे होतेस. ती माणसे कशी आहेत, आपल्याला काय ठाऊक? पंचवीस वर्षांनी कुणी दारात आले की त्यांना काहीतरी मागायचे सुचते. दादा गेला आहे. त्याच्यामागे त्याच्या तारखा काय तपासत बसायच्या? तो तुझा बाप होता, कारखान्यातला माल नव्हे.

उत्तर आले तर उघडू नकोस, सरळ माझ्याकडे पाठव. वहिनीला यातले काही बोलू नकोस. सुरतेची माणसे पंधरवड्यात बोलणी करायला येणार आहेत. माझे डोके ठिकाणावर नाही.

रागावले असे समजू नकोस.

वासंतीआत्या

---

श्री

मु. वारजे
१२ मार्च १९८७

कु. पद्मजाताई दातार यांना
हिंदुराव गेनबा चौधरी याचा रामराम.

तुमचे पत्र पोचले. पोस्टमनने मोठ्याने नाव वाचले तेव्हा वाटले, चुकून आले. दातारांच्या घरचे पत्र या दाराला येईल हे मनात नव्हते. दातारसाहेब वारले हे पत्रातूनच समजले. वाईट झाले असे लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहितो.

तुम्ही विचारता, गाडी कधी विकली. गाडी मी दसऱ्याला दिली, बासष्ट साली. पैसे पुरे पोचले, त्याबद्दल माझी तक्रार नाही. साहेब म्हणाले, गाडी दसऱ्याला नेतो, नाव पाडव्याला लावू, घरात म्हातारी माणसे आहेत, त्यांना मुहूर्त लागतो. आमच्यातही तसेच आहे. मी नाव बदलायचा फॉर्म सही करून दिला. तारीख टाकली नाही. ओळखीत तारीख कोण टाकतो? ड्रॉइंग ऑफिसातला माणूस, पाडव्याला स्वतः टाकील. मी चौथी शिकलो, पण लढाईत गाडी चालवली आहे, कोऱ्या कागदावर सही करू नये एवढे मला कळत होते. तरी केली. साहेबांना फॉर्म भरून मागितला असता तर त्यांचा अपमान झाला असता.

त्रेसष्टच्या फेब्रुवारीत एके सकाळी साहेब गाडी ढकलत माझ्या क्वार्टरवर आले. दिवा फुटला आहे, कुत्रे आडवे आले, दुरुस्त करून ठेवा म्हणाले. गाडीचे काम मीच करायचो, म्हणून ठेवून घेतली. संध्याकाळी पोलीस आले. आदल्या दिवशी औंधच्या रस्त्याला सायकलवरच्या दूधवाल्याला उडवले होते. त्याचा पाय गेला. गाडी थांबली नाही. नंबर एकाने पाहिला होता. गाडी माझ्या नावावर, फुटलेली, माझ्या दारात. मी सांगितले, गाडी दातारसाहेबांना विकली. पोलीस त्यांच्याकडे गेले. साहेबांनी फॉर्म दाखवला. त्यावर पाडव्याची तारीख होती, आणि पाडवा अजून यायचा होता. गाडी पाडव्याला घ्यायची ठरली आहे, तोपर्यंत कधीमधी शिकायला मागून नेतो, त्या दिवशी नेली नव्हती, असे ते म्हणाले. तुमच्या वडिलांचे अक्षर फार सुंदर होते. कोर्टात फॉर्म दाखवला तेव्हा सगळ्यांनी वाचला.

लायसन गेले. ड्रायव्हरचे लायसन गेले की नोकरी राहत नाही. ते मी सोसले. गावाला वावर होते. पण ज्याने नंबर पाहिला, तो म्हणाला की गाडीवर मागे दोन वेण्यांची तरणी मुलगी होती. हे साऱ्या खडकीला समजले. माझी बायको सरुबाई, तिने मला एकदाच विचारले, मुलगी कोण होती? मी म्हणालो, मी गाडीवरच नव्हतो. ती म्हणाली, कोर्ट म्हणते होता. मूलबाळ नव्हते, मग तिला अडवायला तरी काय होते? ती हडपसरला भावाकडे गेली ती गेली. मी चार वेळा आणायला गेलो. चौथ्या वेळी भावाने दार लावून घेतले.

गाडी मला नको. तुम्ही ठेवा नाहीतर विका. पैसे पण नकोत, म्हणून तसले काही लिहू नका. तुम्ही शिकलेल्या आहात आणि तारीख विचारता आहात, म्हणून एक मागतो. ती मुलगी कोण होती हे साहेबांच्या घरच्यांना ठाऊक असणार. ती असेल तिथून एकदा हडपसरला जाऊन सरुबाईला सांगू द्या की मागे मी बसले होते आणि पुढे हा माणूस नव्हता. सरुबाई आता साठीला आली. ती परत येईल म्हणून सांगत नाही. या वयात येऊन तरी काय करील. पण तिच्या मनात माझे जे आहे ते तसेच घेऊन तिने जाऊ नये.

कमीजास्त लिहिले असेल तर वाचून सोडून द्या.

हिंदुराव गेनबा चौधरी

---

॥ श्री ॥

पुणे
१७ मार्च १९८७

ती. आत्या यांस,
सा. न. वि. वि.

चौधरींचे पत्र मी उघडले. ते माझ्या नावाचे होते. सोबत नक्कल पाठवते, मूळ माझ्याजवळ राहील.

त्यांच्यावर विश्वास ठेवू नये असे तुम्ही लिहाल, म्हणून मी काय पाहिले ते सांगते. गाडीचे पुढचे चाक धरणाऱ्या फोर्कचा डावा पाय एकदा वाकून सरळ केलेला आहे. बाबांनी मला तो दाखवला होता आणि लष्करातला मार आहे म्हणाले होते. त्या जागी काळ्या रंगाखाली लष्करी हिरवा नाही, थेट धातू आहे. बाकी सगळीकडे हिरवा आहे. म्हणजे मार लष्करातून सुटल्यावर बसला. हे मला तेव्हाही दिसत होते. मी विचारले नाही, कारण बाबा सांगत होते.

आईला मी काही सांगितलेले नाही. तिने विचारले तर सांगेन.

तुम्हाला एकच विचारायचे आहे. मागे तुम्ही होता का? असाल तर पुण्याला केव्हा येता ते कळवावे. हडपसरचा पत्ता मी काढला आहे. मी रोज तिथूनच जाते. तुमच्याबरोबर येईन, काही बोलणार नाही.

पद्मजा

---

बडोदे
२६ मार्च १९८७

चि. पद्मजा,

हे ऑफिसात गेल्यावर पत्र लिहिते आहे. वाचलेस की फाडून टाक. तू फाडणार नाहीस, ते मला माहीत आहे.

हो, मी होते. औंधला मावशीकडे केळवणाला गेलो होतो. येताना अंधार पडत आला होता. दादाची चूक म्हणशील तर नव्हती, तो दूधवाला एकदम वळला. दादा थांबत होता. त्याने पाय खाली टेकला होता. मीच त्याच्या पाठीवर मुठी मारून म्हणाले, चल, चल. वीस वर्षांची होते गं. अंगावर केळवणाचे नवे लुगडे, तीन आठवड्यांवर लग्न. पोलिसांच्या कागदावर माझे नाव आले असते, कोर्टात उभे राहावे लागले असते, तर ह्यांच्या घरच्यांनी नारळ परत पाठवून लग्न मोडले असते. तेव्हाच्या काळाचे तुला काय सांगू?

दुसऱ्या दिवशी पोलीस चौधरींकडे गेल्याचे कळल्यावर दादा खरे सांगायला निघाला होता. टोपी घातली होती. मी उंबऱ्यात आडवी पडले. आप्पा नुसते आतून कडी लावून बसले. मग दादाने टोपी काढली, फॉर्म आणला, दौत आणली आणि पाडव्याची तारीख घातली. माझ्यासमोर घातली. त्यानंतर तेवीस वर्षांत तो एकदाही माझ्याकडे बडोद्याला राहायला आला नाही. दरवर्षी भाऊबीज मनीऑर्डरने आली. ते मी भोगले नाही असे तुला वाटते का? सीट त्याने माझ्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी काढली, वरात गेल्यावर. आईने मला माहेरपणात सांगितले.

चौधरींची नोकरी गेली ते आम्हाला माहीत होते. त्यांच्या बायकोचे मला ठाऊक नव्हते. देवाशपथ ठाऊक नव्हते. पण पद्मजा, आता ठाऊक होऊन मी काय करू? सुरतेची मंडळी परवा येऊन गेली. साखरपुडा वैशाखात आहे. ह्यांना आजवर मी यातले अक्षर सांगितलेले नाही. हडपसरला एखाद्या बाईपुढे जाऊन उभी राहिले, तर आज ना उद्या चार तोंडी होणार. ज्या घरात आजोळच्या आजोळाची चौकशी होते तिथे माझी मुलगी द्यायची आहे.

तू म्हणशील, ये रे माझ्या मागल्या. असेल. एकदा माझ्यासाठी दादा गप्प राहिला, आता कुसुमसाठी तू राहा. तुला अगदीच राहवत नसेल तर तू जा आणि सांग, पण माझे नाव घेऊ नकोस. दातारांच्या नात्यातली एक मुलगी होती, ती वारली, असे सांग. त्या बाईला तेवढ्याने समाधान होईल. मला काय, मी मेल्यात जमा आहेच.

वहिनीला यातले काही कळू देऊ नकोस. तिच्या मनातला दादा तिच्याकडे राहू दे.

तुझ्या मायेला पारखी होऊ नये एवढेच मागणारी,

आत्या

---

॥ श्री ॥

पुणे
१९ एप्रिल १९८७

ती. आत्या यांस,
नमस्कार.

गाडी गेल्या सोमवारी माझ्या नावावर झाली. नव्या पुस्तकात तीन मालक आहेत: चौधरी, बाबा, मी. बाबांच्या नावापुढे तारीख पाडव्याचीच आहे. ती दुरुस्त करता येईल का, मी विचारले. विकणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा दोघांचा अर्ज लागतो, असे सांगण्यात आले. घेणारे वारले आहेत, त्यामुळे ती तशीच राहील. जुन्या गाड्यांच्या मंडळाकडे इतिहास पाठवायचा विचार मी सोडला.

आईने विचारले. मी सांगितले. तिने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, म्हणून होय ते दर भाऊबीजेला जेवत नसत. मला वाटे, पोटाचे काहीतरी असेल. एवढेच. मग तिने कपाटातून बाबांची टोपी काढली, झटकली आणि पुन्हा ठेवली.

काल शनिवारी कामावरून सुटल्यावर मी सरुबाईंकडे गेले. हडपसर गावठाणात, मारुतीच्या मागे, भाच्याच्या घराला लागून त्यांची एक खोली आहे. त्या अंगणात बसून दुसऱ्या दिवशीच्या बाजारासाठी मेथीच्या जुड्या बांधत होत्या. मी दातारांची मुलगी म्हटल्यावर त्यांना काही कळले नाही. खडकी, मोटारसायकल असे म्हटल्यावर कळले. बस म्हणाल्या. हात थांबवले नाहीत.

मी जे जसे घडले ते तसे सांगितले. दसरा, फॉर्म, औंधचा रस्ता, दुसऱ्या दिवशीची सकाळ. पुढे माझे वडील होते आणि मागे त्यांची बहीण होती, हेही सांगितले. मेलेल्या मुलीची गोष्ट मला सांगता आली असती. बाबांनी एक खोटी तारीख घातली, तिच्या खाली मला दुसरी ओळ लिहायची नव्हती.

 त्यांची एक जुडी बांधून झाली, दुसरी घेतली. मग म्हणाल्या, “ती का न्हाई आली?”

मी म्हणाले, तिच्या मुलीचे लग्न ठरते आहे.

“आसंल,” म्हणाल्या. मग म्हणाल्या, तू तेव्हा जन्मलीसुद्धा नव्हतीस, तर तुझ्या सांगण्याला काय धरायचे? दुसऱ्याच्या तोंडचे त्यांनी एकदा ऐकले आहे, आणि त्याने काय झाले ते त्यांना माहीत आहे.  चौधरींचे पत्र मी बरोबर नेले होते. वाचून दाखवू का विचारले. त्या म्हणाल्या, वाच. मी वाचले. ‘मी चार वेळा आणायला गेलो’ इथे त्यांनी मला थांबवले. चार नाही, पाच, असे म्हणाल्या. पाचव्या वेळी तो बाहेरूनच परत गेला. त्यांनी खिडकीतून पाहिले होते. हाक मारली नाही.

पत्र संपल्यावर मी विचारले, त्यांना काही निरोप देऊ का. त्या म्हणाल्या, काय देणार? पंचवीस वर्षे ज्याला शिव्या दिल्या तो खोटा नव्हता असे आज कळले, तर त्या शिव्यांचे आता काय करायचे, ते त्यानेच सांगावे. त्या रडल्या नाहीत. ओरडल्यासुद्धा नाहीत. मला वाटले होते, ओरडतील.

मी निघण्यासाठी उठले तेव्हा त्यांनी विचारले, “नाव काय तिचं?”

तुम्ही नाव घेऊ नये असे लिहिले होते. त्यांनी विचारले, मी सांगितले. माहेरचे आणि सासरचे, दोन्ही. त्यांनी एकदा ते स्वतःशी म्हणून पाहिले. मग माझ्याकडे बघून विचारले, “नवरा हाय तिचा?”

मी हो म्हणाले.

“संगं ऱ्हातो?”

मी पुन्हा हो म्हणाले.

त्यांनी मेथीचा ढीग जवळ ओढला. “मग बरं झालं की,” म्हणाल्या. “येकीचं तरी नांदणं झालं.”

हे तुम्हाला कळवायचे होते. कुसुमचा साखरपुडा नीट पार पडावा. आई येणार नाही. काकांना माझा नमस्कार सांगायचा की नाही, ते तुम्हीच ठरवावे.

पद्मजा गोपाळकृष्ण दातार